फुल सस्पेन्शन माउंटन बाइक

फुल सस्पेन्शन माउंटन बाइक म्हणजे पुढच्या व मागच्या अशा दोन्ही चाकांना धक्के शोषणारी यंत्रणा असलेली, डोंगराळ आणि खडबडीत वाटांसाठी बनवलेली सायकल होय. पुढचे चाक एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या फोर्कमध्ये बसवलेले असते. मागचे चाक मुख्य फ्रेमला सांध्यांनी जोडलेल्या हलत्या भागावर असते आणि या भागाची हालचाल ‘शॉक’ या नावाने ओळखला जाणारा धक्काशोषक नियंत्रित करतो. ज्या सायकलीला केवळ पुढच्या बाजूस सस्पेन्शन असते तिला ‘हार्डटेल’, तर कोणत्याच बाजूस नसते तिला ‘रिजिड’ असे म्हणतात.

अशी सायकल तयार विकत घेता येते. फ्रेम व सुटे भाग स्वतंत्रपणे निवडून ती जुळवता येते, किंवा जवळ असलेल्या सायकलीचे भाग टप्प्याटप्प्याने बदलून तिच्यात सुधारणा करता येते. साध्या सायकलीत एखादा भाग बदलल्याचा परिणाम बहुधा त्या भागापुरताच राहतो. फुल सस्पेन्शन सायकलीत मात्र फ्रेम, शॉक, फोर्क आणि चाके यांची मापे परस्परांवर अवलंबून असतात. त्यामुळे एकच भाग बदलला तरी सायकलीची उंची, वळण्याची रीत आणि फ्रेमवर येणारा ताण बदलू शकतो. या कारणाने तिच्या बांधणीत भागांच्या किमतीपेक्षा त्यांच्या जुळणीला अधिक महत्त्व असते.

इतिहास

माउंटन बाइकचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन काउंटीत १९७० च्या दशकात झाला. तेथील काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावरील कच्च्या रस्त्यांनी वेगाने उतरत असत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ ‘रिपॅक’ ही उतरणीची शर्यत प्रथम भरली. या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे. उतारावर तो इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे. त्यावरून शर्यतीला हे नाव पडले. पुढे या सायकलस्वारांनी जुन्या फ्रेमना गिअर आणि मोटारसायकलीचे ब्रेक-दांडे बसवण्यास सुरुवात केली. अशा रीतीने भाग बदलून सायकल सुधारणे हे या खेळाच्या जन्मापासूनच त्याचे अंग राहिले आहे. जो ब्रीझ आणि टॉम रिची यांनी या कामासाठी खास फ्रेम घडवल्या, तर गॅरी फिशर व चार्ली केली यांनी अशा सायकलींच्या विक्रीचा व्यवसाय सुरू केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने आणलेली ‘स्टम्पजम्पर’ ही मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली माउंटन बाइक मानली जाते.

सायकलीला सस्पेन्शन बसवण्याची कल्पना त्याआधीची आहे. ब्रिटिश अभियंते ॲलेक्स मोल्टन यांनी १९६२ मध्ये बाजारात आणलेल्या लहान चाकांच्या सायकलीला पुढे व मागे सस्पेन्शन होते, मात्र ती रस्त्यावरची सायकल होती. डोंगरी सायकलीसाठी पॉल टर्नर यांनी मोटोक्रॉस मोटारसायकलींच्या अनुभवाचा उपयोग केला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा पहिला फोर्क केवळ ४८ मिमीच्या आसपास दबत असे.

मागच्या सस्पेन्शनची अडचण वेगळी होती. मागच्या चाकाला चेनद्वारे ओढ बसते. आरंभीच्या अनेक रचनांमध्ये पेडल मारताना सायकल वरखाली डोलत असे, तर ब्रेक लावताच सस्पेन्शन आखडत असे. ऑस्ट्रियात जन्मलेले अभियंते हॉर्स्ट लाइटनर यांनी चेनस्टेवर, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर, चाकाच्या आसाच्या पुढे एक सांधा ठेवला. ‘हॉर्स्ट लिंक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेमुळे ब्रेकचा सस्पेन्शनवरील परिणाम कमी झाला. तिचे पेटंट स्पेशलाइज्ड कंपनीने १९९८ मध्ये विकत घेतले. पुढे सान्ता क्रूझ कंपनीची ‘व्हीपीपी’ आणि डेव्ह वीगल यांची ‘डीडब्ल्यू-लिंक’ या दोन आखूड दुव्यांच्या रचना प्रसिद्ध झाल्या.

माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये अमेरिकेतील डुरँगो येथे झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉसकंट्री प्रकाराचा समावेश झाला. चढावर वजन महत्त्वाचे असल्याने या प्रकारात दीर्घकाळ हार्डटेलच वापरली जात असे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टर याने फुल सस्पेन्शन सायकलीवर सुवर्णपदक मिळवले. तोपर्यंत ही सायकल हलकी व चढासाठीही कार्यक्षम झालेली होती.

कार्यतत्त्व

सस्पेन्शनचा हेतू केवळ आराम हा नाही. दगडावर आदळून हवेत उडालेल्या चाकाला जमिनीची पकड नसते. अशा चाकाने ना वळता येते, ना ब्रेक लागतो. चाकाला खाचखळग्यांचा मागोवा घेऊ देणे व जमिनीशी त्याचा संपर्क टिकवणे हे सस्पेन्शनचे मुख्य कार्य होय.

फोर्क आणि शॉक या दोहोंत दोन घटक असतात. पहिला घटक स्प्रिंग. ती दाबाखालील हवेची किंवा पोलादी तारेची असते. ती धक्क्याची ऊर्जा साठवते आणि परत देते. दुसरा घटक डॅम्पर. त्यात तेल अरुंद छिद्रांतून जात असल्याने हालचालीचा वेग कमी होतो आणि ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. दाबले जाण्याच्या वेगावरील नियंत्रणास ‘कॉम्प्रेशन’ आणि परत येण्याच्या वेगावरील नियंत्रणास ‘रिबाउंड’ म्हणतात. डॅम्पर नसलेली स्प्रिंग धक्क्यानंतर उसळत राहते व सायकलस्वाराला उडवू शकते.

चाक जितके मिलिमीटर वर जाऊ शकते त्यास ‘ट्रॅव्हल’ म्हणतात, तर शॉकचा दांडा जितका आत जातो तो ‘स्ट्रोक’ होय. या दोहोंचे गुणोत्तर फ्रेमच्या रचनेवर ठरते. उदा., मागचा ट्रॅव्हल १५० मिमी आणि शॉकचा स्ट्रोक ६० मिमी असल्यास सरासरी गुणोत्तर २.५ येते. अर्थात चाकावरील बलाच्या सरासरी अडीचपट बल शॉकवर पडते.

सायकलस्वार सायकलीवर बसताच सस्पेन्शन आपसूक जेवढे दबते, त्यास ‘सॅग’ म्हणतात. सॅगमुळे चाकाला खड्ड्यात खाली उतरण्यासही वाव मिळतो. ट्रेल प्रकारच्या सायकलीत मागचा सॅग साधारणतः २५ ते ३० टक्के, तर पुढचा १५ ते २० टक्के ठेवतात. वरील उदाहरणात ३० टक्के सॅग म्हणजे शॉकचा दांडा १८ मिमी आत जाणे होय.

मागील सस्पेन्शनचे प्रकार

एक सांध्याची रचना : मागचा भाग एकाच सांध्याभोवती फिरतो. भाग कमी असल्याने देखभाल सोपी असते, परंतु ब्रेक लावताना सस्पेन्शनवर अधिक परिणाम होतो. काही फ्रेममध्ये शॉक दाबण्यासाठी वेगळा दुवा जोडतात, तरी चाकाचा मार्ग एकाच सांध्यावरून ठरतो.

चार दुव्यांची रचना : हॉर्स्ट लिंक हे याचे प्रमुख उदाहरण होय. चाक मुख्य फ्रेमला थेट न जोडता मधल्या दुव्यावर असते.

दोन आखूड दुव्यांची रचना : मागचा त्रिकोण अखंड असतो आणि तो दोन लहान दुव्यांनी मुख्य फ्रेमला जोडलेला असतो. व्हीपीपी व डीडब्ल्यू-लिंक या प्रकारात मोडतात.

उंच सांध्याची रचना : मुख्य सांधा वर असल्याने दगडावर आदळताना चाक वर जाताना मागेही सरकते. चेन ताणली जाऊ नये म्हणून ती एका अधिकच्या लहान दातेरी चाकावरून नेतात.

वापरानुसार वर्गीकरण

क्रॉसकंट्री सायकलीत ट्रॅव्हल साधारणतः १०० ते १२० मिमी, ट्रेल प्रकारात १२० ते १५० मिमी, एन्ड्युरो प्रकारात १५० ते १८० मिमी आणि डाउनहिल प्रकारात सुमारे २०० मिमी असतो. ट्रॅव्हल वाढतो तसे सायकलीचे वजन वाढते आणि तिच्या हँडलच्या नळीचा उतार अधिक आडवा होतो. अशी सायकल तीव्र उतारावर स्थिर असते, पण सपाट वाटेवर जड व मंद भासते. त्यामुळे अधिक ट्रॅव्हल म्हणजे अधिक चांगली सायकल असे समीकरण नाही.

बांधणी

भागांची निवड

बांधणीचा आरंभ फ्रेमपासून होतो, कारण उर्वरित बहुतेक मापे तीच ठरवते. खरेदीपूर्वी पुढील बाबी फ्रेमच्या निर्मात्याच्या माहितीपत्रकातून नोंदवून घेतात.

शॉकचे माप : लांबी व स्ट्रोक मिमीमध्ये लिहितात; उदा., २१० × ५० किंवा २३० × ६५. शॉक दोन्ही टोकांना साध्या बोल्टने बसतो की एका टोकाला रुंद ‘ट्रनियन’ जोडणीने, हेही पाहावे लागते.

फोर्क : ट्रॅव्हलची कमाल मर्यादा आणि स्टीअररचा आकार. आधुनिक फ्रेममध्ये वर १⅛ इंच व खाली १.५ इंच असा निमुळता स्टीअरर सर्रास आढळतो.

चाके : २७.५ इंच किंवा २९ इंच. काही फ्रेममध्ये पुढे २९ व मागे २७.५ अशी जोडी चालते. हबची प्रचलित ‘बूस्ट’ मापे पुढे १५ × ११० मिमी आणि मागे १२ × १४८ मिमी अशी आहेत.

सीटपोस्ट : ३०.९, ३१.६ किंवा ३४.९ मिमी व्यास. हँडलवरील कळ दाबून सीट खाली-वर करता येणारा ‘ड्रॉपर’ बसवायचा असल्यास नळीत तो किती खोल जाऊ शकतो हेही मोजतात.

ब्रेक व गिअर : ब्रेकच्या चकतीचा किमान व कमाल व्यास, बॉटम ब्रॅकेटचा प्रकार आणि मागच्या गिअरच्या हँगरचा प्रकार.

पुढे एकच दातेरी चाक व मागे १२ दातेरी चाकांचा संच ही रचना आज रूढ आहे. स्रॅम कंपनीच्या २०१६ मधील ‘ईगल’ संचात १० ते ५० दात्यांचा पल्ला होता. शिमानोने २०१८ मध्ये १० ते ५१ दात्यांचा संच आणला. दोन्ही कंपन्यांच्या अशा संचांना मागच्या हबवर वेगवेगळी बैठक लागते. चाके आणि गिअर स्वतंत्रपणे विकत घेताना ही बाब नजरेतून सुटल्यास एक भाग निरुपयोगी ठरतो.

जोडणीचा क्रम

१. फ्रेमचे सर्व सांधे तपासून निर्मात्याने दिलेल्या टॉर्कनुसार बोल्ट आवळतात. मग शॉक बसवण्यापूर्वी मागचा भाग हाताने वरखाली हलवून पाहतात. तो अडखळल्यास बेअरिंग तपासतात.

२. शॉक बसवून त्यातील हवा काढतात व मागचे चाक पूर्ण वरपर्यंत दाबतात. या स्थितीत टायर सीटच्या नळीला किंवा फ्रेमला टेकता कामा नये.

३. हेडसेट व फोर्क बसवतात. स्टीअरर कापण्यापूर्वी हँडलची उंची निश्चित करतात. कापलेली नळी पुन्हा वाढवता येत नाही.

४. बॉटम ब्रॅकेट, क्रँक, चाके आणि मागचा गिअर बसवतात.

५. चेनची लांबी ठरवतात. बहुतेक फुल सस्पेन्शन फ्रेममध्ये सस्पेन्शन दबताना क्रँक आणि मागचे चाक यांतील अंतर वाढते. म्हणून चेनचे माप सर्वांत मोठ्या दातेरी चाकावर, अंतर अधिकतम असलेल्या स्थितीत घेतात. बहुधा ही स्थिती सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर येते. उभ्या स्थितीत मापलेली चेन आखूड राहिल्यास मोठ्या धक्क्याच्या वेळी ती ताणली जाऊन गिअर व हँगर मोडू शकतात.

६. ब्रेकच्या नळ्या व गिअरची केबल सांध्यांपाशी पुरेशी सैल ठेवून बसवतात, अन्यथा मागचा भाग हलताना त्या ओढल्या जातात किंवा फ्रेमला घासतात.

७. शेवटी सर्व बोल्ट टॉर्क पान्याने आवळतात. डिस्कच्या सहा बोल्टांपैकी प्रत्येकास सुमारे ६ न्यूटन-मीटर, स्टेमच्या बोल्टांस बहुधा ५ ते ६ न्यूटन-मीटर, तर मागच्या दातेरी संचाच्या कड्यास ४० न्यूटन-मीटर इतका टॉर्क लागतो. भागावर छापलेला आकडा अंतिम मानतात. कार्बनचे हँडल अधिक आवळल्यास त्यास बाहेरून न दिसणारी चीर जाऊ शकते आणि ते पुढे चालत्या सायकलीवर तुटू शकते.

सुधारणा

समायोजन

कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी असलेल्या सस्पेन्शनचे समायोजन केले जाते. सायकलस्वाराने हेल्मेट, पाण्याची पिशवी आदी नेहमीच्या सामानासह सायकलीवर बसून सॅग मोजावा लागतो. शॉकवरील रबरी कडे दांड्याच्या तळाशी सरकवून सावकाश बसल्यास व उतरल्यास ते जिथे थांबते तिथे सॅग वाचता येतो. तो अधिक असल्यास शॉक पंपाने हवा वाढवतात, कमी असल्यास हवा सोडतात. तारेची स्प्रिंग असल्यास वजनानुसार स्प्रिंगच बदलावी लागते. त्यानंतर रिबाउंड ठरवतात. तो फार जलद असल्यास सायकल उसळते. फार मंद असल्यास लागोपाठच्या धक्क्यांत सस्पेन्शन पूर्ववत होऊ शकत नाही व दबलेलेच राहते. सायकल ‘कडक’ किंवा ‘अस्थिर’ असल्याच्या अनेक तक्रारींचे मूळ भागांत नसून या समायोजनात असते.

भाग बदलण्याचा क्रम

खर्चाच्या मानाने होणारा लाभ पाहता पुढील क्रम सामान्यतः हितकारक ठरतो.

टायर : जमिनीशी संबंध केवळ टायरचा येतो. २.३ ते २.६ इंच रुंदीचे, वाटेला अनुरूप टायर आणि ट्यूबविरहित बसवणी यांमुळे हवेचा दाब कमी ठेवता येतो व पकड वाढते. लहान छिद्रे आतील द्रव सीलंट बुजवतो.

ब्रेक : मोठी चकती व योग्य पॅड यांनी थांबण्याची शक्ती वाढते. चकती फ्रेम व फोर्कच्या मर्यादेत असावी लागते. काही ब्रेकमध्ये खनिज तेल, तर काहींत डॉट द्रव असतो. एकाच्या जागी दुसरा भरल्यास आतील रबरी सील खराब होऊन ब्रेक निकामी होतो. नवे पॅड बसवल्यावर मध्यम वेगातून वारंवार हळू होत त्यांना चकतीशी जुळू द्यावे लागते.

ड्रॉपर सीटपोस्ट : उतारावर सीट खाली गेल्याने शरीर मागे व खाली नेता येते आणि हँडलवरून पुढे पडण्याचा धोका घटतो.

फोर्क व शॉक : डॅम्परचा दर्जा सुधारल्यास फरक स्पष्ट जाणवतो, मात्र मापे तीच ठेवणे आवश्यक असते.

चाके व गिअर : हलक्या चाकांनी वेग घेणे सुलभ होते. जुने गिअर नीट चालत असल्यास केवळ अधिक संख्येसाठी ते बदलण्याचा लाभ मर्यादित असतो.

मर्यादा व धोके

फ्रेमच्या मर्यादेपेक्षा लांब फोर्क बसवणे ही नेहमी आढळणारी चूक होय. फोर्कची लांबी २० मिमीने वाढल्यास हँडलच्या नळीचा कोन सुमारे एक अंशाने आडवा होतो, पेडलची उंची वाढते आणि सायकलस्वाराचा भार मागे सरकतो. चढावर पुढचे चाक भरकटू लागते. शिवाय लांब फोर्कमुळे फ्रेमच्या पुढच्या जोडावर अधिक तरफबल पडून तेथे चीर जाण्याचा संभव असतो. त्याचप्रमाणे अधिक स्ट्रोकचा शॉक बसवल्यास टायर फ्रेमवर आदळू शकतो. हवेच्या शॉकसाठी आखलेल्या काही फ्रेममध्ये तारेची स्प्रिंग बसवल्यास शेवटच्या टप्प्यात पुरेसा विरोध मिळत नाही व सस्पेन्शन तळाला आदळते. निर्मात्याने घातलेल्या मर्यादा ओलांडल्यास हमीही संपुष्टात येऊ शकते.

देखभाल

फोर्कच्या खालच्या नळ्यांतील तेल व सील यांची देखभाल काही उत्पादक सुमारे ५० तासांच्या वापरानंतर करण्यास सांगतात. डॅम्परच्या पूर्ण दुरुस्तीचा कालावधी त्याहून बराच मोठा असतो. फोर्क व शॉकचे चकचकीत दांडे प्रत्येक फेरीनंतर स्वच्छ कापडाने पुसतात, कारण त्यांवरील चिखल सीलमधून आत गेल्यास दांड्यावर ओरखडे पडतात. सांध्यांच्या बेअरिंगवर दाबाने पाणी मारल्यास ग्रीस निघून जाते. मागचे चाक आडवे हलवल्यावर खडखड जाणवल्यास सांधा सैल झालेला असतो किंवा बेअरिंग झिजलेले असते. ११ व १२ गिअरची चेन ०.५ टक्के ताणली गेली की बदलतात. तसे न केल्यास तिच्यासोबत महागडा दातेरी संचही झिजतो.

भारतातील स्थिती

भारतात डोंगरी सायकल शर्यतींमध्ये हिमाचल प्रदेशातील अनेक दिवस चालणारी ‘एमटीबी हिमालय’ ही शर्यत प्रसिद्ध आहे. २०२३ ची आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा केरळमधील पोनमुडी येथे झाली. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या घाटवाटांवर ही सायकल चालवली जाते. तेथील पावसाळी चिखलामुळे सील व बेअरिंग यांची निगा अधिक वेळा घ्यावी लागते.

बाजारात ‘डबल सस्पेन्शन’ या नावाने अल्प किमतीच्या सायकलीही विकल्या जातात. त्या दिसायला फुल सस्पेन्शन माउंटन बाइकसारख्या असल्या, तरी त्यांच्या शॉकमध्ये अनेकदा केवळ तारेची स्प्रिंग असते, डॅम्पर नसतो. फ्रेम वजनाने जड असते, तर स्टीअरर, हब व शॉकची मापे आधुनिक भागांशी बहुधा जुळत नाहीत. अशा सायकलीवर उत्तम प्रतीचे भाग बसवून ती डोंगरउतारास योग्य करता येईल ही समजूत चुकीची आहे. जे भाग बसतात त्यांचा खर्च सायकलीच्या किमतीपेक्षा अधिक होतो, आणि मोठा आघात न सोसणारी फ्रेम तशीच राहते. मर्यादित खर्चात डोंगरी वाटांचा सराव करू इच्छिणाऱ्यास डॅम्पर असलेला फोर्क, डिस्क ब्रेक व प्रचलित मापांची फ्रेम असलेली हार्डटेल अधिक सुरक्षित ठरते. तिचे टायर, ब्रेक व ड्रॉपर पुढे मापे जुळत असल्यास फुल सस्पेन्शन फ्रेमवरही वापरता येतात.